चढावरचा दुसरा गिअर

एक कर. डोळे मीट आणि मी सांगतो तसं समज. तू एसटीच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसला आहेस, किंवा बसली आहेस; जागा दोघांनाही पुरते. समोर परातीएवढं स्टिअरिंग. उजवा हात त्यावर. डावा हात मांडीशेजारच्या लोखंडी दांड्यावर, दांड्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा, आणि तो गोळा हाताखाली सारखा थरथरतो आहे, झोपलेल्या मांजराच्या पाठीवर हात ठेवला की घरघर लागते ना, तसा. लागली घरघर? आता तो दांडा काढून घे. गाडी चालू आहे, चढ समोर आहे, हात सवयीने खाली गेला, आणि तिथे काहीच नाही. जिन्याला अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि जमीन आधीच यावी, तसं झालं की नाही?

देवजीचा हात असाच रिकाम्यात पडला होता. ठाण्याला नव्या गाडीचं शिक्षण घ्यायला शहापूर डेपोने त्याला पाठवलं, तेव्हा पहिल्याच चौकात. शेजारी बसलेला शिकवणारा पोरगा हसला होता. "काका, तिथे काय शोधताय? गिअर नाही, क्लच नाही. पायाखाली दोनच गोष्टी. एक जायला, एक थांबायला." देवजी त्याच्याबरोबर हसला खरा, पण त्याला वाटलं, अर्धं आयुष्य या हाताने जे केलं ते कोणीतरी न सांगता उचलून नेलं. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते, सिग्नल हिरवा झाला होता, आणि देवजी आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. हाताचं काय करायचं? खिशात घालावा? नुसता मांडीवर ठेवावा, लग्नात ओळखीचं कोणी न भेटलेल्या पाहुण्यासारखा?

आज, शनिवारी सकाळी, शहापूरहून मुरबाडला निघालेल्या, बुधवारीच रस्त्यावर आलेल्या त्या नव्या बॅटरीच्या गाडीत तो हात मांडीवरच होता, आणि देवजीला त्याची थोडी सवय झाली होती. थंडीचे दिवस. भात झोडून झालेलं, खळ्यांतून पेंढ्याच्या गंज्या उभ्या, धुकं अजून ओहोळातून निघालं नव्हतं. गाडी किन्हवली सोडून पुढे आली तसा रस्ता अरुंद झाला, आणि देवजीने रोजच्यासारखे कान उघडे केले. हे सुख त्याला बुधवारपासून लागलं होतं. इतकी वर्षं त्याच रस्त्यावरून गेला, पण रस्ता त्याने फक्त बघितला होता; ऐकला नव्हता कधी. इंजिन त्याच्या गुडघ्याशेजारी गर्जत असायचं, त्याच्यापुढे कोण काय बोलणार? आता पेंढ्यावरचे साळुंक्यांचे तंटे ऐकू येत होते. टायरखाली सुकलेलं पान चुरडलं की कळत होतं. मागच्या बाकांवरच्या बांगड्या, कंडक्टर छायाच्या तिकिटाच्या मशीनची किरकिर, आणि माणसांचं बोलणं. माणसांना अजून पत्ता नव्हता की ड्रायव्हरला ऐकू जातं. काल एक म्हातारा अगदी त्याच्या पाठीशी बसून शेजारणीला सांगत होता, "ह्यो डायवर ना, गरीब हाय, पन गिअर टाकता नाय येत मेल्याला. म्हनून तर बिनगिअरची दिली." देवजीला इतकं हसू आलं की त्याने आरशात न बघता पुढेच बघितलं.

अंगालाही फरक पडला होता. पूर्वी संध्याकाळी घरी जाऊन खाटेवर पडला की खाट हलायची. म्हणजे खाट हलायची नाही, इंजिन हाडांत शिरून बसलेलं असायचं ते तासभर उतरायचं नाही. आणि डिझेलचा वास. त्याची बायको ताराबाई त्याचे कपडे वेगळे भिजवायची, वेगळ्या दोरीवर वाळवायची, तरी वास जायचा नाही. मुलगी लहान होती तेव्हा अंधारात दार वाजलं की नाक वर करून म्हणायची, बाबा आले. बुधवारी संध्याकाळी ताराबाईने सदरा हातात घेतला, हुंगला, उलटा करून पुन्हा हुंगला, आणि संशयाने विचारलं, "आज कामावर गेलाच नव्हतात काय?" तो शपथेवर सांगत होता आणि ती ऐकत नव्हती. शेवटी दोघंही पोट धरून हसली. सदरा घरच्या कपड्यांत भिजला, कित्येक वर्षांनी.

डिझेल कुठून येतं याचा देवजीने कधी विचार केला नव्हता. टँकरमधून येतं, टँकर रस्त्याने येतो, रस्ता तर त्याच्याच ओळखीचा. ठाण्याच्या वर्गात त्या पोराने फळ्यावर एक बोट काढली. लहान मुलं काढतात तशीच, खाली लाटा. म्हणाला, आपल्या देशात जे तेल जळतं त्यातलं बहुतेक असं समुद्रावरून येतं, दुसऱ्यांच्या जमिनीतून. तिकडे दोघं भांडले की इकडे आपला जीव खालीवर. देवजीला तेव्हा एक सकाळ आठवली. टँकर आले नव्हते, कुठे काय अडलं होतं कोणालाच नीट माहीत नव्हतं, आणि डेपोत गाड्या ओळीने उभ्या होत्या, धुतलेल्या, हवा भरलेल्या, पुढे लिंबू-मिरची बांधलेल्या. दहावीच्या परीक्षेची पोरं फाटकाशी पॅड घेऊन उभी. तो आपल्या जागेवर जाऊन बसला होता, उगाच, स्टिअरिंगवर हात ठेवून. एवढं लोखंड, एवढी माणसं, आपले धडधाकट हातपाय, आणि सगळं एका नळीच्या टोकाला लोंबकळतंय, जी नळी आपण कधी बघितलीही नाही. त्या वेळची लाज, जणू त्यानेच काही केलं होतं, अजून गेली नव्हती. वर्गात त्याने हात वर करून विचारलं, "मग ही वीज कुठली?" पोरगा म्हणाला, "काका, थोडी कोळशाची, थोडी पाण्याची, आता थोडी उन्हाचीही. अजून सगळी चोख नाही. पण ऊन काय बोटीतून आणावं लागत नाही." हे देवजीला पटलं. ऊन मुरबाडला भरपूर होतं.

आणि उतार! काळू नदीच्या पुलाकडे जाणारा उतार आता समोर आला, आणि देवजीचा चेहरा आपोआप उजळला. या उताराने त्याला आयुष्यभर छळलं होतं. ब्रेक दाबून दाबून पोटरी दुखायची, चाकांतून जळका वास यायचा. आता पाय उचलला की गाडी स्वतःहून रोखून धरायची, आणि समोरच्या तबकडीतला बॅटरीचा काटा उलटा फिरायचा. बॅटरी भरायची! खाली जाताना गाडी कमवायची. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा त्याने छायाला हाक मारून बोलावलं होतं. छाया रेल्वेवरच्या वाशिंदहून यायची, तिला कशाचं नवल वाटायचं नाही. "काका, उतारावर रिटर्न मिळतोय म्हणा की," ती म्हणाली होती. पण तीही काट्याकडे बघत उभी राहिली होती, पूल येईपर्यंत.

पुलाच्या पलीकडे मात्र चढ होता, चढावर वळण, आणि वळणावर चाफ्याच्या पाड्याचा थांबा. तिथे पोचायच्या आधीच देवजीचं हसू ओसरलं. बुधवारपासून तो थांबा रिकामा होता.

तसा तो थांबा म्हणजे नुसता दगड. ना शेड, ना पाटी. पण इतक्या वर्षांत देवजीची गाडी वळणावर आली आणि तिथे माणसं नाहीत असं झालं नव्हतं. डोक्यावर वालाच्या शेंगांच्या पाट्या घेतलेल्या बाया, मुरबाडला मजुरीला जाणारे गडी, सरळगावच्या शाळेची पोरं. तो वळायचा आणि ती उभी असायची. कधी लवकर आला तरी उभी, उशिरा आला तरी उभी. त्याच्या मनात याचं एक चित्र होतं, कोणाला न सांगितलेलं: ही माणसं पहाटेपासून दगडाशी उभी राहून माझी वाट बघतात. म्हणून तर तो तापात कामावर गेला होता, म्हणून बदली नको म्हणाला होता. आणि नवी गाडी आली, तिला हार घालून, नारळ फोडून तो मोठ्या डौलात वळणावर आला, तर दगड एकटा. त्याने थोडं थांबून बघितलं, हॉर्न वाजवला. कोणी नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी नाही. पुढच्या खोरीच्या वाडीच्या थांब्यावरही तेच. बहुतेक जीपवाल्यांनी त्यांना फितवलं असेल. नाहीतर नवी गाडी आवडली नसेल. नाहीतर, आणि हे मनात आलं की त्याला हात पुन्हा रिकाम्यात पडल्यासारखं व्हायचं, नाहीतर ती माणसं कधी त्याची नव्हतीच.

डेपोच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं: शनिवारपर्यंत बघू. शनिवारी मुरबाड स्टँडवर ते स्वतः उभे राहून बघतील. गाडी भरून आली तर या रस्त्यावर राहील. रिकामी आली तर ती कल्याणकडे देऊ, तिकडे मागणी आहे, आणि इथे पुन्हा जुनी धुराची गाडी. "असेल तोवर," असंही ते म्हणाले होते, आणि जुनी गाडी किती दिवस असेल हे देवजीइतकं कोणाला माहीत होतं?

आज गाडीत बसलेली माणसं बाकांपेक्षा कमी होती. देवजीने वळणावर गाडी उभी केली. दगड एकटा. त्याने दार उघडलं आणि नुसता बसून राहिला.

"काका, टाइम," छाया मागून म्हणाली.

"थांब जरा."

कारण त्याला काहीतरी ऐकू आलं होतं. रस्त्याच्या कडेला करवंदीची जाळी होती, जाळीच्या खाली जमीन एकदम उतरत होती, आणि तिथून, खालून, हसण्याचा आवाज आला. बायकांचा. मग भांड्याचा आवाज. मग कोणीतरी कोणालातरी शिवी दिली, आणि पुन्हा हसणं. देवजी खाली उतरला. छायाने "काका, अहो काका," केलं, तोवर तो जाळीच्या बाजूच्या पायवाटेने निघालाही होता, खाकी पँटला कुसळं लागत.

खाली उंबराखाली सगळी बसली होती. सगळी! पाट्या बाजूला ठेवलेल्या, शेकोटीवर काळ्या चहाचं टोप, पोरांची दप्तरं खोडाला टेकलेली. धोंडूबाई, जिला तो चेहऱ्याने कधीपासून ओळखत होता, बशीतून चहा फुरकत होती. सुक्या नावाचा तरणा मजूर विडी पेटवत होता. त्याने खाकी कपडे बघितले आणि विडी पाठीमागे लपवली.

"अरे, तुमी इथे काय करता?" देवजी म्हणाला. त्याला दम लागला होता.

"आमी?" धोंडूबाईने बशी खाली ठेवली. "आमी गाडीची वाट बघतो. तुमी काय करता? गाडी कुठं टाकून आला?"

"गाडी वर उभी आहे!"

"खोटा नको बोलू, बाबा. गाडी आली तर आमाला ऐकू नाय येनार? बुधवारपासून गाडी बंद हाय. जीपवाल्याला इचार, दुप्पट घेतो मेला. आमाला वाटला, नवी गाडी कल्यानवाल्यांना दिली नि आमाला ठेंगा. तरी रोज येऊन बसतो, आली तर आली म्हनून."

"हॉर्न मारला मी! रोज!"

"ह्या वळनावर हारन कोन नाय मारत?" सुक्या म्हणाला. "ट्रक मारतो, दुधवाला मारतो, लेकाचा मोटारसायकलवाला तर मारतच सुटतो. हारनाला उठलो तर दिवसभर वर-खालीच करू."

आणि मग, एकदम दोघं-तिघं बोलत असताना, देवजीला हळूहळू कळत गेलं. ही माणसं वळणावर कधी उभी नसतच. वळणावर वारा, धूळ, ट्रक अंगावर येणारे. तिथे कोण बसेल? ती इथे बसायची, उंबराखाली, उबेत. पूल ओलांडून गाडी चढाला लागली की दुसरा गिअर पडायचा, इंजिन ओरडायचं, ती ओरड खाली यायची; मग बशीतला चहा संपवायचा, पाटी डोक्यावर घ्यायची, पोराचा कान धरायचा आणि वर चढायचं. गाडी वळेपर्यंत सगळी दगडाशी हजर. वर्षानुवर्षं. आज्यांच्या काळापासून. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. खोरीच्या वाडीची माणसंही याच ओरडीवर घरून निघायची. देवजी उभाच राहिला. त्याच्या मनातली ती पहाटेपासून ताटकळलेली माणसं एकेक करून तिथून निघून गेली, आणि त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण छातीत काहीतरी मोकळं झालं. म्हणजे ती त्याची वाट बघत नव्हती. तो त्यांना बोलवत होता! रोज, चढावर, या डाव्या हाताने. आपण हाक मारतो आहोत हे हाकेच्या मालकालाच माहीत नव्हतं.

"चला," तो म्हणाला. "चला गो, उठा. गाडी मुकी आहे, पण आहे. आणि आज साहेब बघणार आहे. रिकामी गेली तर खरंच कल्याणला जाईल."

"मंग हा आदी बोंबलायचा ना!" धोंडूबाई उठलीच. शेकोटीवर माती पडली, टोप जाळीत लपला, पाट्या चढल्या. वर येऊन सगळे गाडीभोवती जमले. सुक्याने बाजूने फिरून धुराची नळी शोधली, सापडली नाही, तर वाकून खालीही बघितलं. "काका, हिचं खानं कुठून नि बाकीचं कुठून?" त्याने विचारलं, आणि छायासुद्धा हसत म्हणाली, "चढ आधी, मग चौकशी कर. लाइनीत या, लाइनीत."

धोंडूबाईची नात दिशा ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून उभी राहिली. सरळगावला पाचवीत होती. सारखी त्याच्या डाव्या बाजूला वाकून बघत होती, जिथे काहीच नव्हतं तिथे.

"आजोबा, तुमचा दांडा काढला?"

"काढला."

"मंग तुमचा खरखर कसा होनार?"

"कसला खरखर?"

"तुमचा गिअर अडकायचा ना. दुसऱ्या डायवरांचा नाय अडकत. त्यांचा सरळ घूंऽऽ जातो. तुमचा आदी घूंऽ, मंग खर्रक, मंग घूंऽऽ. आजी तर झोपेतून बोलायची, देवजीची गाडी आली."

तो खर्रक देवजीला माहीत होता. डेपोतले मेकॅनिक त्यावरून चिडवायचे, तो स्वतःही चरफडायचा. हाताची जुनी खोड, क्लच जरा लवकर सोडायचा. आणि त्या खोडीच्या खुणेवर एक अख्खा पाडा उठत होता. दोन्ही बाजूंनी शेतं हळूहळू मागे जात होती, ऊन काचेवर आलं होतं, मागे धोंडूबाई कोणाला तरी सांगत होती की गाडीत बसल्यासारखं वाटतच नाही, होडीत बसल्यासारखं वाटतं. देवजीला वाटलं, ऐकावं, नुसतं ऐकत राहावं मुरबाडपर्यंत.

पण खोरीच्या वाडीचा थांबा आला आणि त्याला पाय ब्रेकवर ठेवावा लागला. इथे वाडी जवळ नव्हती. रस्त्याच्या खाली सपाट शेतं, शेतांच्या पलीकडे ओहोळ, ओहोळापलीकडे झाडांत पाच-पंचवीस घरं. देवजीने दार उघडून कान दिला. वारा. कुठेतरी घुमणारा एक होला. हसणं नाही, भांडं नाही. इतक्या लांबून काय येणार? पण तिथेही माणसं पाट्या भरून बसली असणार, एका आवाजासाठी, हे आता त्याला दिसत होतं. त्याने हॉर्न वाजवला. मागून येणाऱ्या ट्रकनेही वाजवला आणि बाजूने निघून गेला. झाडांत काही हललं नाही.

"काका, जाऊन यायला टाइम नाही," छाया म्हणाली. तिच्या आवाजात या वेळी घाई नव्हती, काळजी होती. "साहेब स्टँडवर आले असतील. अर्धे बाक अजून रिकामे आहेत."

"पोराला पाठवू?" सुक्या म्हणाला. "मी पळतो."

"तू पळशील, नि परत येशील तवर दुपार," धोंडूबाई म्हणाली.

देवजी ओहोळापलीकडे बघत राहिला. त्याचा डावा हात त्याच्या नकळत मांडीवरून उचलला गेला होता आणि हवेत थांबला होता. त्याने तो पुन्हा खाली ठेवला. दाराशी काहीतरी हललं म्हणून त्याने वळून बघितलं.

दिशा खाली उतरली होती. दप्तर पाठीवर तसंच. ती रस्त्याच्या कडेला, जिथे बांध सुरू होतो तिथल्या उंचवट्यावर चढली, पाय रोवले, दोन्ही हातांची नळी करून तोंडाला लावली आणि गाल फुगवले. आधी तिने गाडी पुलावर घेतली, खालच्या आवाजात. मग चढ लागला. मग तिने दुसरा गिअर टाकला: घूंऽऽ, आणि बरोबर जिथे अडकायला हवं तिथे घशातून खर्रक, आणि मग सगळ्या छातीनिशी घूंऽऽऽ. होला उडून गेला. गाडीतली माणसं बसल्या जागी अर्धवट उठली. आवाज भाताच्या खुंटांवरून, ओहोळावरून, पलीकडे गेला, आणि थोड्या वेळाने झाडांतून एक बाई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून तिने रस्त्याकडे बघितलं, आणि मागे वळून काहीतरी ओरडली. मग दोघं, मग चौघं, मग पाट्याच पाट्या बांधावरून यायला लागल्या, पदर खोचून, पोरांना ओढत, धावत.

दिशाने ते बघितलं. पण थांबली नाही. धावणाऱ्यांना गाडी उभी आहे हे कळायला हवं. तिने गिअर काढला, श्वास घेतला, आणि शेवटचा माणूस बांध चढून येईपर्यंत त्या उंचवट्यावर उभी राहून हळू, एका लयीत घरघरत राहिली.